बोटीतला बोळ आणि मार्सेलिसचा धक्का

आमच्या घरातली मुले अलीकडे बराच वेळ अंतराळात असतात. जेवायला हाक मारली की तेवढ्यापुरती पृथ्वीवर येतात आणि हात धुऊन पुन्हा परत जातात. त्यांच्या आग्रहामुळे मलाही त्या अंतराळकथा थोड्याफार पाहाव्या आणि ऐकाव्या लागल्या. त्यांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. यान कोणाचेही असो आणि ग्रह कोणताही असो, कथेत केव्हा ना केव्हा एक लांबलचक बोळ येतोच. दोन्ही टोकांना हत्यारबंद पहारेकरी, बाजूच्या खोल्यांत कोंडलेले कैदी, आणि त्या कैद्यांच्या मनात शिजणारा एक बेत. मुले अशा वेळी श्वास रोखून बसतात. खरे सांगायचे तर मीही बसतो.

आम्ही राहतो हिंजवडीस. म्हातोबाच्या यात्रेसाठी आणि बगाडासाठी पंचक्रोशीत ठाऊक असलेले हे मुळशी तालुक्यातले गाव आता संगणकाच्या उद्योगासाठी जगात ठाऊक झाले आहे. इथल्या काचेच्या इमारतींतही लांब बोळ आहेत, दाराशी पहारेकरी आहेत आणि प्रत्येकाच्या गळ्यात ओळखपत्र आहे. फरक एवढाच, की इथल्यांना संध्याकाळी, निदान रात्री तरी, घरी सोडतात! अशा गावात वाढणाऱ्या मुलांना अंतराळयानातला बोळ ही उद्याची गोष्ट वाटली तर नवल नाही. इतिहासाचा नाद असलेल्या माझ्यासारख्याला मात्र ती फार जुनी वाटते. या बोळातून आपली माणसे पूर्वीच चालून गेली आहेत. त्यांतल्या एकाची हकीकत या दिवाळीत वाचकांपुढे ठेवावी, असे मनात आले.

प्रथम एक साधा प्रश्न. कथाकारांना कोठडीपेक्षा बोळच का आवडावा? मला वाटते, त्याचे कारण असे. कोठडीत सगळे ठरून गेलेले असते. भिंत, दार, कुलूप; कैदी आत आणि पहारेकरी बाहेर. परंतु कैदी झाला तरी तो माणूस आहे. त्याला अन्न लागते, पाणी लागते, प्रातर्विधी चुकत नाहीत. त्यासाठी दिवसातून चार वेळा का होईना, दार उघडावेच लागते आणि कैदी बोळात येतो. तिथे दोघेही चालत असतात, बांधलेला आणि बांधणारा. पहारेकऱ्याची नजर दारांवर असते. कैद्याची नजर पहारेकऱ्यावर असते. आणि पहारेकऱ्याला एक फार मोठा शत्रू असतो. तो म्हणजे सवय.

आग्र्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. १६६६ च्या मे महिन्यात शिवाजीमहाराज आग्र्यास पोहोचले. दरबारातल्या अपमानानंतर त्यांच्या मुक्कामाभोवती शहर कोतवाल फौलादखानाचा पहारा बसला. सोबत नऊ वर्षांचे संभाजीराजे. परंपरेने आलेली हकीकत अशी, की महाराजांनी आजाराचे निमित्त केले आणि मिठाईचे पेटारे साधूसंतांना व सरदारांना पाठवण्याचा परिपाठ सुरू केला. पहिले काही दिवस पहारेकऱ्यांनी पेटारे उघडून पाहिले. मग रोज तेच पेटारे, रोज तीच मिठाई! पाहणे सैल झाले. १७ ऑगस्टला महाराज निसटले. पेटाऱ्यांच्या तपशिलाबद्दल अभ्यासक वाद घालोत. पण या कथेतले मर्म खरे आहे. महाराजांनी भिंत फोडली नाही. त्यांनी पहाऱ्याला सवय लावली आणि ती सवय फोडली.

आता आग्र्याहून आमच्या शेजारच्या गावी येऊ. हिंजवडीपासून चिंचवड अगदी जवळ. मोरया गोसावींच्या समाधीचे हे क्षेत्र चापेकर बंधूंचेही गाव. प्लेगच्या काळातल्या जुलमाचा सूड म्हणून २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढे दामोदर, वासुदेव आणि बाळकृष्ण हे तिघे सख्खे भाऊ आणि त्यांचे साथीदार महादेव रानडे यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. ती बातमी नाशिकजवळच्या भगूर गावी पोहोचली, तेव्हा तिथल्या एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने घरच्या अष्टभुजा देवीपुढे शपथ घेतली, असे त्याचे चरित्रकार सांगतात. तो मुलगा म्हणजे विनायक दामोदर सावरकर. ज्या बोळाची हकीकत मला सांगायची आहे, तो बोळ त्यांच्या बोटीतला.

१९०६ साली सावरकर कायद्याच्या शिक्षणासाठी लंडनला गेले. तिथल्या ‘इंडिया हाउस’मधल्या क्रांतिकारक तरुणांचे ते पुढारी झाले. इकडे त्यांचे थोरले बंधू गणेश, म्हणजे बाबाराव, यांना १९०९ च्या जूनमध्ये जन्मठेप झाली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाटकगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन याला गोळी घातली. ते पिस्तूल लंडनहून सावरकरांनी धाडलेल्या पिस्तुलांपैकी होते, असा सरकारचा आरोप. १३ मार्च १९१० रोजी पॅरिसहून लंडनला परतताच व्हिक्टोरिया स्टेशनावर त्यांना अटक झाली. मग ब्रिक्स्टनचा तुरुंग, कोर्टकचेरी, आणि अखेर खटल्यासाठी हिंदुस्थानात रवानगी.

१ जुलै १९१० रोजी ‘मोरिया’ नावाची आगबोट इंग्लंडहून निघाली. पी. अँड ओ. कंपनीची, दोनच वर्षांपूर्वी बांधलेली, सुमारे ११ हजार टनांची ही टपालबोट. तीत साहेबलोक, त्यांच्या मडमा, टपालाच्या थैल्या आणि एक राजकीय कैदी. त्याच्यावर पहारा होता स्कॉटलंड यार्डच्या पार्करचा, मुंबई इलाख्याच्या पोलिसांतल्या पॉवरचा, आणि त्यांच्या हाताखालच्या दोन हिंदी हेड कॉन्स्टेबलांचा. एका माणसावर चौघे! बोट भर समुद्रात असताना हा पहारा वास्तविक अनाठायीच होता. पळून जायचे तर कुठे? चहूबाजूंना पाणी. परंतु बोट किनाऱ्याला लागली, की बोळाच्या लाकडी भिंतीपलीकडे एकदम एक देश उभा राहतो.

तो देश होता फ्रान्स. ७ जुलैच्या संध्याकाळी ‘मोरिया’ मार्सेलिसच्या बंदरात शिरली. त्या काळी पुष्कळसे उतारू लंडनहून आगगाडीने मार्सेलिसला येऊन तिथे बोट गाठीत, त्यामुळे या मार्गावरच्या बोटी तिथे थांबत. सावरकरांना फ्रान्स परका नव्हता. अटकेपूर्वीचे काही महिने ते पॅरिसमध्ये मादाम कामांकडे राहिले होते. फ्रान्समध्ये राजकीय आश्रयाचा मान राखला जातो, हेही त्यांना ठाऊक होते. कायद्याचा विद्यार्थी तो! आपण कोणत्या दिशेने पाहत आहो आणि त्या दिशेला कोणता कायदा चालतो, हे त्या बोळातल्या माणसांपैकी बहुधा एकट्या कैद्यालाच नीट कळत होते.

८ जुलैची सकाळ. साडेसहाच्या सुमारास सावरकरांनी शौचकूपाला जाण्याची परवानगी मागितली. आता हे काही नाकारण्यासारखे मागणे नव्हे. त्यांना बोळातून नेण्यात आले. दाराशी दोघे कॉन्स्टेबल उभे राहिले. दाराला काच होती आणि सावरकरांनी अंगावरचा झगा तीवर टाकून बाहेरची नजर अडवली, असे चरित्रांत सांगितलेले आहे. आत बोटीच्या बाजूला एक वाटोळी खिडकी होती. हवा यावी म्हणून ठेवलेली. माणूस जावा म्हणून नव्हे. सडपातळ अंगाचा तो सत्तावीस वर्षांचा तरुण तीतून स्वतःला ओढत बाहेर निघाला. पहारेकऱ्यांच्या ध्यानात येऊन ते दार ढकलू लागले, तोवर माणूस पाण्यात पडलेला होता.

या उडीभोवती आपल्याकडे पुष्कळ आख्यायिका जमल्या आहेत. कोणी ती भर समुद्रात मारली म्हणतो, कोणी तासन्‌तास पोहण्याचे वर्णन करतो. वस्तुतः बोट धक्क्याला लागून उभी होती आणि पोहण्याचे अंतर अगदी थोडे होते. मला विचाराल तर त्याने उडी लहान होत नाही. चार माणसांच्या पहाऱ्यातून, बंद दाराआड, वीतभर खिडकीतून निघणे हेच अवघड काम होते, आणि ते पाण्याला स्पर्श होण्यापूर्वीच पुरे झालेले होते. सावरकर धक्क्यावर चढले आणि धावू लागले. पायांखाली फ्रान्सची भूमी होती. कायद्याच्या दृष्टीने बोळ मागे पडला होता.

परंतु तो खरोखर मागे पडला नव्हता, आणि माझ्या मते या हकीकतीतला सर्वांत विचार करण्याजोगा भाग हाच आहे.

झाले होते असे. बोट इंग्लंडहून निघण्यापूर्वीच, २९ जूनला, लंडनच्या पोलीसप्रमुखांनी पॅरिसच्या पोलीस खात्याला पत्र धाडले होते, की अमुक बोटीवर असा असा कैदी आहे, ती ७ वा ८ जुलैला मार्सेलिसला लागेल, त्याला सोडवण्याचा प्रयत्न होऊ नये. फ्रेंच सरकारने तिथल्या अधिकाऱ्यांना सूचना दिल्या. बोट लागताच एक फ्रेंच पोलीस अधिकारी तीवर जाऊन, पहाऱ्याच्या बाबतीत मदतीला हजर असल्याचे सांगून आला. धक्क्यावरच्या शिपायांना हुकूम होता, की तिकीट नसलेल्या कोणाही हिंदी माणसाला बोटीवर चढू देऊ नये. म्हणजे सगळा बंदोबस्त बाहेरून आत येणाऱ्यांसाठी. आतला एकटाच बाहेर येईल, हे कोणाच्या स्वप्नीही नव्हते.

धावणाऱ्या माणसामागे आरडाओरड सुरू झाली. फ्रेंच बंदर पोलिसांतला पेस्किए नावाचा एक जमादार धक्क्यावर होता. त्याने पाठलाग करून काहीशे यार्डांवर सावरकरांना धरले. मला तुमच्या न्यायाधीशापुढे न्या, असे सावरकरांनी त्याला परोपरीने सांगितल्याचे चरित्रकार लिहितात. पण त्या जमादाराला एवढेच कळले, की हा बोटीवरचा कैदी आणि तो बोटीवर परत गेला पाहिजे. एवढ्यात बोटीवरून माणसे धावत आलीच होती. त्यांच्या मदतीने त्याने सावरकरांना दंडाला धरून पुन्हा ‘मोरिया’वर पोहोचवले. सगळा मामला काही मिनिटांचा. मादाम कामा आणि सोबती गाडी घेऊन येणार होते, ते उशिरा पोहोचले, अशीही एक हळहळ लावणारी हकीकत सांगतात.

वाचकहो, इथे क्षणभर थांबू. पेस्किए दुष्ट होता काय? मुळीच नव्हे. त्याने कोणाला मारहाण केली नाही, लाच घेतली नाही. त्याने मदत केली! स्वतंत्र भूमीवर पाऊल ठेवलेल्या माणसाला त्याच भूमीच्या रखवालदाराने हसतमुखाने परतवले, कारण ही भूमी त्या माणसाला काय देते हे रखवालदाराच्या गावीही नव्हते. ‘मोरिया’वरचा बोळ बोटीच्या फळ्यांशी संपत नव्हता. तो आठ दिवस आधी लिहिलेल्या एका पत्राने धक्क्यापर्यंत लांबवून ठेवलेला होता. लाकडाचा बोळ खिडकीतून ओलांडता येतो. कागदाचा बोळ ओलांडणे फार कठीण.

दुसऱ्या दिवशी बोट मार्गस्थ झाली. २२ जुलैला सावरकर मुंबईस पोहोचले. पण मार्सेलिसची गोष्ट बोटीबरोबर गेली नाही. ‘ल्युमानिते’ या फ्रेंच समाजवाद्यांच्या पत्रात कार्ल मार्क्सचा नातू जाँ लाँगे याने हे प्रकरण लावून धरले. जाँ जोरेस यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी आवाज उठवला. आमच्या भूमीवर इंग्रज पोलीस धावतात कसे आणि माणूस घेऊन जातात कसे, असा सवाल फ्रान्समध्ये उभा राहिला. अखेर फ्रेंच सरकारला सावरकरांना परत मागावे लागले. इंग्रज देईनात. तेव्हा २५ ऑक्टोबर १९१० रोजी दोन्ही सरकारांनी करार करून हा तंटा हेग येथील लवादाकडे सोपवला.

लवादावर पाच जण होते. बेल्जमचे माजी पंतप्रधान बेर्नार्ट हे अध्यक्ष. शिवाय फ्रान्सचे रनो, इंग्लंडचे सर एडवर्ड फ्राय, नॉर्वेचे ग्राम आणि हॉलंडचे लोहमन. बेर्नार्ट आणि रनो हे दोघे तर शांततेच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी. भगूरच्या एका तरुणाच्या काहीशे यार्डांच्या धावेचा अर्थ लावायला ही मंडळी जमली होती.

इकडे मुंबई सरकारला लवादाची वाट पाहण्याइतका धीर नव्हता. मुख्य न्यायमूर्ती बेसिल स्कॉट, न्यायमूर्ती चंदावरकर आणि न्यायमूर्ती हीटन यांच्या खास न्यायासनापुढे नाशिक कटाचा खटला चालला. डिसेंबर १९१० मध्ये सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ३० जानेवारी १९११ रोजी जॅक्सनच्या खुनाला साहाय्य केल्याबद्दल दुसरी. दोन मिळून ५० वर्षे! आणि या माणसाला परत द्यावे की नाही, याचा हेगचा निवाडा लागला २४ फेब्रुवारी १९११ रोजी. म्हणजे शिक्षा आधी, आणि पकडणे योग्य होते काय याचा विचार मागाहून.

निवाडा काय होता? लवादाने मान्य केले, की सावरकरांना धरून इंग्रज पोलिसांच्या हवाली करण्यात अनियमितपणा घडला. पण त्यात कपट नव्हते, जबरदस्ती नव्हती. फ्रेंच जमादारानेच मदत केली, आणि त्याची वागणूक त्याच्या वरिष्ठांना संमत आहे असे इंग्रजांना वाटणे साहजिक होते. सबब, परकीय सरकारच्या नोकराने अशी चूक केली, एवढ्यावरून इंग्लंडने कैदी परत करावा असा आंतरराष्ट्रीय कायद्यात नियम नाही. चूक झाली, पण ती दुरुस्त करण्याचे बंधन कोणावरही नाही! हा निवाडा तेव्हाही पुष्कळांना खटकला. देशादेशांतल्या कायद्याच्या पुस्तकांत ‘सावरकर प्रकरण’ म्हणून तो आजही उद्धृत होतो.

मग उडी फुकट गेली काय? पळून जाण्याचा प्रयत्न म्हणून पाहिले, तर होय. सावरकर सुटले नाहीत. उलट पुढचा पहारा अधिक कडक झाला. परंतु तोवर नाशिकचा खटला हे सरकार आणि त्याचे प्रजाजन यांच्यातले घरगुती प्रकरण होते. त्या उडीनंतर जगाला विचारावे लागले, की कैदी कोणाचा, भूमी कोणाची, आणि राजकीय माणसाला आश्रय म्हणजे काय. उत्तर त्याच्या विरुद्ध गेले. प्रश्न मात्र उरला.

मुलांच्या अंतराळयानात हा प्रश्न उद्‌भवत नाही, कारण तिथे धक्काच नसतो. खिडकीबाहेर नुसती पोकळी. मग कैद्यांनी करावे काय? त्याचेही उत्तर इतिहासात आहे. ४ जुलै १९११ रोजी सावरकर अंदमानला पोहोचले. तिथला तुरुंग १९०६ साली बांधून पुरा झालेला. मध्ये एक मनोरा आणि त्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरलेल्या सात तीनमजली इमारती. प्रत्येक मजल्यावर ओळीने एकट्या माणसाच्या कोठड्या आणि त्यांच्यापुढे लांब व्हरांडा. रचना अशी, की एका इमारतीच्या कोठड्यांची दारे शेजारच्या इमारतीच्या पाठीकडे पाहत. कोणी कोणाला दिसू नये. बाबाराव आधीच तिथे होते. दोन सख्खे भाऊ एका तुरुंगात, आणि एकमेकांची भेट दुर्मिळ. चहूकडे समुद्र, ‘बाहेर’ असे काही नाहीच. तिथे कैद्यांनी बोळ ओलांडण्याचा नाद सोडला आणि बोळातच झुंज मांडली. भिंतीवर ठोके देऊन निरोप धाडले. कोलू ओढण्यास नकार दिला. अन्न नाकारले. १९३३ च्या उपोषणात महावीर सिंग, मोहित मोइत्र आणि मोहनकिशोर नामदास यांचे प्राण गेले. १९३७ च्या उपोषणानंतर राजबंद्यांना मुख्य भूमीवर आणणे सरकारला भाग पडले. निसटण्याची वाट नसली म्हणजे माणूस पहाऱ्याला पुरते हतबल करण्याची वाट शोधतो, ती अशी.

सावरकरांना १९२१ साली अंदमानातून हलवले. त्यांची अटींवर सुटका झाली ती ६ जानेवारी १९२४ रोजी, आणि तीही येरवड्याहून. जिथे चापेकर बंधू फासावर गेले त्याच तुरुंगातून. अंदमानातली त्यांची अर्जपत्रे, सुटकेच्या अटी आणि पुढचे राजकारण यांविषयी मराठी घरांत एकाच पंगतीला दोन मते असतात, आणि ती असावीत. पण ८ जुलै १९१० ची सकाळ त्या वादाच्या आधीची आहे. तीकडे पाहताना मला त्या तरुणाइतकाच तो फ्रेंच जमादारही दिसत राहतो. सुटणाऱ्याचे धैर्य शंभर टक्के असले, तरी पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला आपण कोण हे ठाऊक नसेल, तर ते धैर्य काहीशे यार्डांवर अडते.

दिवाळीत घरोघरी मुले मातीचे किल्ले करतात. आमच्या हिंजवडीत वीस मजली इमारतींच्या पायथ्याशीही ते उभे राहतात. बुरुजांवर मावळे ठेवतात, आणि सगळ्या मावळ्यांची तोंडे बाहेर असतात. या वर्षी किल्ला झाला, की मुलांना सुटीत एक दिवस चिंचवडला चापेकर वाड्यावर न्यावे, परत येताना गणेशखिंडीचा रस्ता दाखवावा, आणि ‘मोरिया’ची ही हकीकत सांगावी. मग किल्ल्यापाशी बसून विचारावे, की यातून एखादा कैदी निसटला तर तो कोणत्या वाटेने जाईल. मुले वाट चटकन दाखवतील. पुढचा प्रश्न जरा सावकाश विचारावा. त्या वाटेच्या टोकाला तुम्ही उभे असाल, तर काय कराल?